कुठला ओरखडा काढायचा

पिरंगुटच्या कारखान्यांत माझं उमेदीचं सगळं वय डाय पॉलिशिंगमध्ये गेलं. प्लास्टिकचे डबे, बरण्यांची झाकणं, गाडीच्या दिव्यांची आवरणं ज्या पोलादी साच्यांतून निघतात, त्या साच्यांच्या पोटातल्या मशीनच्या खुणा काढून मिरर फिनिश आणायचं, हे आमचं काम. साच्यात केसाएवढी रेघ राहिली तर ती प्रत्येक डब्यावर उमटते. त्यामुळे रेघ दिसली की ती मारायची, ही हाताला लागलेली सवय.

पुढे बावधन-लवळ्याच्या डोंगरावर ऑक्सफर्ड नावाचं १८ होलचं गोल्फ मैदान झालं. ओळखीपाळखीची काही पोरं तिकडे कॅडी म्हणून, म्हणजे खेळणाऱ्यांच्या पिशव्या सांभाळायला, जाऊ लागली, आणि त्यांच्या मार्फत साहेब लोकांच्या स्टिका माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये यायला लागल्या. मी स्वतः गोल्फ खेळत नाही. गुडघे आणि खिसा, दोघांचाही नकार आहे. पण धातू, रंग आणि रेघ या तीन गोष्टींत मला गती आहे, आणि गोल्फच्या स्टिकेवर या तिन्हींचा गुंता साच्यापेक्षा जास्त आहे. त्या कामातून जे कळलं ते लिहितो. नंबर टाकलेत ते सोयीसाठी. एकावर दुसरा अवलंबून नाही.

१. आधी साबण, मग बाकीचं

ओरखडा म्हणून जे माझ्याकडे येतं, त्यातला बराच भाग ओरखडा नसतोच. बॉलचा पांढरा रंग घासून बसलेला असतो, बॉल ठेवायच्या लाकडी टीचा लाल-निळा रंग लागलेला असतो, गोल्फ कार्टच्या प्लास्टिकचा काळा पट्टा असतो, नाहीतर वाळलेला चिखल. कोमट पाणी, भांड्यांचा पातळ साबण आणि जुना टूथब्रश, एवढ्याने निम्मी गिऱ्हाइकं खूश होऊन परत जातात. पाण्याने जात नाही त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल, फडक्यावर घेऊन, हलक्या हाताने.

धुतल्यावर नखाची परीक्षा करायची. रेघेवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा वरच्या वर आहे आणि पॉलिशने बराचसा बुजेल. नख अडकलं तर तो खोल आहे, आणि मग खाली काय आहे हे कळल्याशिवाय काहीही करायचं नाही.

२. खिशात चुंबक ठेवा

आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याची स्टिक, म्हटलं की सगळं लोखंड, असा समज असतो. टेबलावर चार आयर्न ओळीने ठेवली तर चारही चकचकीत दिसतात, पण आतून ती चार वेगळी असू शकतात. ओतीव स्टेनलेस असतं, बहुतेक वेळा १७-४ जातीचं. फोर्ज केलेलं मऊ कार्बन स्टील असतं, वरून निकेल आणि क्रोमचा थर दिलेलं. त्याच कार्बन स्टीलचं मुद्दाम थर न दिलेलं उघडं वेज, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांचं आयर्न, असतं. आणि स्वस्तातल्या किंवा लहान मुलांच्या सेटमध्ये जस्ताच्या मिश्रधातूचं हेड असतं, तेही क्रोम चढवून.

चुंबक लावा. १७-४ स्टेनलेस आणि कार्बन स्टील, दोन्हींना चुंबक धरतं. जस्ताला धरत नाही. जस्ताच्या हेडची आणखी एक खूण म्हणजे शाफ्ट जिथे आत जातो ती मान गरजेपेक्षा जाड असते, कारण धातू कमजोर आहे. असं हेड आलं तर मी पुसून परत देतो. त्यावर पॉलिश पेपर लावला तर राखाडी भुसभुशीत पोत उघडा पडतो आणि त्याला कुठलीही चकाकी टिकत नाही.

चुंबक धरलं, तर पुढचा प्रश्न थर आहे की नाही हा. इथे डोळा लागतो. क्रोमला निळसर झाक असते. स्टेनलेस त्याच्या शेजारी ठेवलं तर किंचित करडं, उबदार दिसतं. तळाच्या झिजलेल्या जागी बघा: मधोमध वेगळ्या रंगाचं बेट दिसत असेल, कडेला पिवळसर रेष असेल, तर वर क्रोम, खाली निकेल आणि मध्ये उघडं पडलेलं पोलाद आहे. खड्ड्यात गंजाचा तांबूस ठिपका असेल तर शंकाच नको. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. ती न करता लोक घरी ग्राइंडर काढतात आणि मग पिशवीत गुंडाळून माझ्याकडे येतात.

३. क्रोमवरची रेघ घासून काढता येत नाही

हे मला रोज कुणाला तरी समजावून सांगावं लागतं, म्हणून सविस्तर लिहितो.

शोभेच्या क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. त्याखाली निकेलचा थर त्याच्या कितीतरी पट जाड, दहा-वीस मायक्रॉनच्या घरात. माणसाचा केस ढोबळ मानाने सत्तर मायक्रॉन धरा. म्हणजे नखाला अडकणारी रेघ ही क्रोम केव्हाच ओलांडून गेलेली असते. ती घासून 'सपाट' करायची तर तिच्या आजूबाजूचा सगळा थर तिच्या तळापर्यंत उतरवावा लागेल. एका बारीक रेघेच्या जागी रुपयाच्या नाण्याएवढा पिवळट डाग मिळेल आणि पहिल्या पावसात तिथे गंज धरेल.

मग करायचं काय? वरवरच्या जाळीदार रेघांना गाडीच्या दुकानात मिळणारं क्रोम पॉलिश आणि सुती फडकं पुरतं. गंजाचे ठिपके असतील तर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून पाण्यात बुडवायचा आणि त्याने घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे क्रोमवर रेघ उठत नाही, गंज मात्र सुटतो. नंतर कोरडं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोल रेघ तशीच राहते. तिच्यातला गंज थांबतो. एवढंच साधता येतं, आणि एवढं पुरेसं असतं.

पूर्ण नव्याने क्रोम चढवता येतो का? येतो. शाफ्ट गरम करून काढायचा, जुना क्रोम-निकेल रसायनात उतरवायचा, धातू घासून एकसारखा करायचा, पुन्हा निकेल, पुन्हा क्रोम, मग शाफ्ट इपॉक्सीने बसवायचा. क्रोम प्लेटिंगच्या पारंपरिक टाकीत हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं, आणि ते फार विषारी. परवाना असलेल्या, सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्लेटिंगवाल्याचंच हे काम आहे. एक आयर्न घेऊन तो तुमच्याशी बोलणारही नाही, त्याला पेटीभर नग लागतात. 'घरी ॲसिडने क्रोम काढू का' असं विचारणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि तो विचार त्यांच्या डोक्यातून काढतो.

४. स्टेनलेसवर काम करायला मजा येते

ओतीव स्टेनलेसला सहसा वरून थर नसतो. जे वर ते आत. त्यामुळे इथे माझा मूळ धंदा कामाला येतो.

रेघेच्या काठावर धातू उचलला गेलेला असतो, त्याला आम्ही बर म्हणतो. नखाला जे अडकतं ते बरेचदा खड्ड्यापेक्षा हा बरच असतो. आधी तो उतरवायचा, कानस न लावता. बारीक ऑइल स्टोन तेलात बुडवून सपाट धरायचा आणि फक्त उंचवटा जाईपर्यंत फिरवायचा. पुष्कळ वेळा इथेच काम संपतं. खड्डा राहतो, पण उजेड त्याच्या काठावर चमकत नाही, म्हणून डोळ्याला दिसत नाही.

पुढे जायचंच असेल तर वॉटर पेपर: ४००, ६००, ८००, १०००. साच्यावर आम्ही प्रत्येक नंबरला हात फिरवायची दिशा बदलतो. ४०० उभा मारला तर ६०० आडवा. उभ्या रेघा पूर्ण दिसेनाशा झाल्या की समजायचं ४०० चं काम पुसलं गेलं. दिशा न बदलता घासत बसलं तर जुनी रेघ राहिली की नवी आली हे कळतच नाही. शेवटी मात्र कारखान्याने जो पोत दिलाय त्याच दिशेला यायचं. बहुतेक स्टेनलेस आयर्नला सॅटिन फिनिश असतं, म्हणजे एकाच दिशेच्या असंख्य बारीक रेघा. तिथे मधेच आरशासारखा तुकडा केला तर ओरखड्यापेक्षा तोच ठळक दिसतो. हिरव्या स्कॉच ब्राइटने त्याच दिशेला, टाचेकडून टोकाकडे, लांब हात मारायचे. पुढे-मागे नाही. गोल तर अजिबात नाही.

भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी वापरू नका. तिचे कण स्टेनलेसमध्ये रुततात, ते गंजतात, आणि माणूस म्हणतो, 'हे कसलं स्टेनलेस?'

बफिंग मशीन माझ्याकडे आहे, पण स्टिकेसाठी ते क्वचितच चालू करतो. बफ कडा खातो. कोरलेल्या अक्षरांच्या कडा मावळतात, नंबर पुसट होतो, जमिनीला लागणारी पुढची धार गोल होते. शिवाय वजन जातं. हेडमधून साधारण दोन ग्रॅम कमी झाले की स्विंग वेट एका पायरीने उतरतं. स्विंग वेट म्हणजे स्टिक हातात धरल्यावर टोकाकडचा भार किती जाणवतो त्याचं माप. सातव्या नंबरच्या आयर्नला मन लावून बफ मारला आणि सहावं-आठवं तसंच ठेवलं, तर सेटमध्ये एक स्टिक परकी होते. खेळणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण हाताला ते जाणवतं.

५. फेसला माझा नमस्कार

बॉल जिथे लागतो त्या पृष्ठभागाला मी साबण आणि ब्रशपलीकडे काहीही लावत नाही. तिथल्या खाचा किती रुंद, किती खोल, त्यांची धार किती गोल, याचे नियम आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांनी घालून दिलेत, आणि २०१० पासून ते आणखी कडक झालेत. नेहमीच्या खेळाने फेस झिजला तर स्टिक बाद होत नाही. तुम्ही हाताने खाचा कोरल्यात किंवा फेस खरखरीत केलात तर होऊ शकते. बाजारात खाचा धारदार करायचं टोचणीसारखं हत्यार मिळतं. 'काका, जरा मारून द्या ना' म्हणत एक-दोघांनी ते आणलं. परत दिलं.

६. तळ

तळावरचे ओरखडे काढायला आणू नका. आपल्याकडचा डोंगर म्हणजे काळा बेसॉल्ट आणि त्यावर मुरूम. मैदानावर कितीही गवत वाढवलं तरी बॉल कडेला गेला की स्टिक मुरमात जाणारच. आज काढलेला ओरखडा रविवारी परत येईल.

७. ड्रायव्हरच्या टाळूवरची जखम

ड्रायव्हर ही लांब फटक्याची स्टिक, आणि टाळू म्हणजे तिच्या हेडचा वरचा भाग. लोकांना सगळ्यात जास्त झोंबतो तो हा ओरखडा. टी उंच असेल आणि स्टिक बॉलच्या खालून गेली तर बॉल फेसच्या वरच्या कडेला लागून आभाळात जातो आणि टाळूच्या पुढच्या काठावर पांढरी खूण ठेवतो. झोंबण्याचं कारण साधं आहे: मारायला उभं राहिलं की डोळ्यांसमोर तेवढाच भाग असतो. तळावर कितीही रेघा असोत, त्या मैदानालाच दिसतात. टाळूवरची एक रेघ प्रत्येक वेळी मागचा फसलेला फटका आठवून देते. एक निवृत्त बँक मॅनेजर मला म्हणाले होते, "अंतरात काही फरक पडत नाही हो, पण ती मला बघत असते." म्हणून हा ओरखडा काढण्याला मी नुसता शौक समजत नाही. खेळणाऱ्याची नजर मोकळी करणं हेही दुरुस्तीतच येतं.

इथे धातूचं काम नाही, गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं काम आहे. टाळू टायटॅनियमची असो की कार्बनची, वर रंग आणि क्लिअर कोट असतो. आधी उजेडात तिरपं धरून बघायचं. कार्बनची टाळू असेल आणि रेघेतून विणीचे धागे उघडे दिसत असतील, किंवा बोटाने टिचकी मारल्यावर एका जागी आवाज बसका येत असेल, तर ती चीर आहे. चिरेवर रंग लावून देणं म्हणजे फसवणूक. मी तसं स्पष्ट सांगतो आणि स्टिक परत करतो.

नुसता रंग गेलाय असं कळलं, तर पद्धत अशी: अल्कोहोलने तेलकटपणा काढा. गाडीच्या टचअपचा रंग बारीक ब्रशने, नाहीतर टूथपिकच्या टोकाने, फक्त खड्ड्यात सोडा. एक जाड थर नको. पातळ थर, वाळू द्या, पुन्हा पातळ थर, असं करत खड्डा आजूबाजूपेक्षा किंचित वर येईपर्यंत. मग घाई न करता दोन-तीन दिवस तसाच ठेवा. रंग वरून वाळतो, आतून उशिरा. त्यानंतर २००० चा वॉटर पेपर छोट्या रबरी ठोकळ्यावर गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून, फक्त उंचवट्यावर. बोटावर गुंडाळलेला पेपर बोटाच्या आकाराची घळ पाडतो. शेवटी रबिंग कंपाउंड, मग वॅक्स.

काळा रंग एकच असतो असं समजू नका. ड्रायव्हरच्या काळ्यात निळी झाक असते, तपकिरी असते, चमकी असते. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला काळा मैदानावरच्या उन्हात उघडा पडतो. म्हणून रंग मी बाहेर, अकराच्या उन्हात जुळवतो. आणि टाळू मॅट असेल तर काम घेतच नाही. मॅटवर रबिंग मारलं की तेवढा भाग चकाकतो आणि ते घासून-पुसून मागे नेता येत नाही. मॅटवाल्यांसाठी सोपा इलाज म्हणजे पुढच्या काठावर लावायची तयार काळी पट्टी मिळते. पण खेळात वापरायची असेल तर असं काही चिकटवण्याआधी नियम बघून घ्या.

८. ग्रॅफाइट शाफ्टवर दिसण्याचा विचार शेवटी करा

ग्रॅफाइटच्या शाफ्टवर रंगाखाली कार्बनच्या धाग्यांचे थर असतात आणि शाफ्टची ताकद त्या धाग्यांत आहे. रंगावरची रेघ निरुपद्रवी. पण पिशवीच्या कडेला किंवा आयर्नच्या हेडला घासून एकाच जागी गोल खाच पडली असेल आणि तिच्यात निस्तेज काळे तंतू दिसत असतील, तर तिथून शाफ्ट एक दिवस तुटणार. तुटलेलं टोक कुणाच्या दिशेने जाईल ते सांगता येत नाही. एका साहेबांनी अशी खाच पुट्टीने भरून वर रंग मारून मागितला. मी शाफ्ट बदलून घ्या म्हणालो. रागावून गेले. पुढे कळलं, बदलला.

स्टीलच्या शाफ्टलाही तेच: वरवरचा गंज फॉइलने जातो, पण गंजाने खड्डे पाडले असतील, विशेषतः ग्रिपच्या तोंडाशी, तर चकाकी आणून काय करणार?

९. अक्षरांतला रंग: थोड्या खर्चात मोठं समाधान

जुनी स्टिक नवी वाटायला लावायची असेल तर ओरखड्यांच्या मागे लागण्यापेक्षा कोरीव अक्षरांत आणि नंबरात रंग भरा. ओरखडे तिथेच राहतात, पण नजर रंगावर जाते. टूथपिकने जुना रंग उकरा, थिनरने पुसा, एनॅमल रंग भरा. नेलपॉलिशही चालतं, घरातल्या मुलीला विचारा, दहा छटा मिळतील. थोडं वाळल्यावर जुन्या व्हिजिटिंग कार्डावर फडकं ताणून, थिनर जेमतेम लावून, अक्षरांच्या आडव्या दिशेने एकदाच पुसायचं. मऊ फडकं बोटाने दाबलं तर ते अक्षरात शिरून भरलेला रंगही उचलतं.

थिनर आणि ॲसिटोन हेडपुरतेच ठेवा. हेड आणि शाफ्टच्या सांध्यावर जी काळी प्लास्टिकची कडी असते, फेरूल, ती ॲसिटोनने विरघळू लागते. जाणकार मंडळी याच गुणाचा उपयोग करतात: ॲसिटोनचं जेमतेम ओलं फडकं एका फेरीत गर्रकन फिरवलं की मळलेली फेरूल पुन्हा काळी कुळकुळीत होते. रेंगाळलात तर तिला बोटाचे ठसे कायमचे राहतात. ग्रॅफाइट शाफ्टच्या रंगावर आणि रबरी ग्रिपवर तर ॲसिटोनचा थेंबही नको.

१०. जुनं असेल तर हात आखडता घ्या

कधी कधी एखादा माणूस आजोबांची पिशवी घेऊन येतो. त्यात पर्सिमनच्या लाकडाची हेडं असतात. धातूचं 'वुड' बाजारात आलं १९७९ मध्ये, गॅरी ॲडम्सच्या टेलरमेडचं. पण लाकूड लगेच गेलं नाही. बर्नहार्ड लँगरने १९९३ ची मास्टर्स पर्सिमनच्या ड्रायव्हरनेच जिंकली. हे लाकूड आलं की मला सुट्टीच्या दिवसासारखं वाटतं. तळाला पितळी पट्टी, तिचे स्क्रू, मानेवर गुंडाळलेला दोरा, वर जुना वार्निश. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, त्यामुळे वार्निशला जाळी पडते. इथे लाखेचं पॉलिश, मऊ मलमलीच्या बोळ्याने, थरावर थर. स्प्रे नको.

पण आधी मी विचारतो: वापरायची आहे की ठेवायची? ठेवायची असेल, तर पुसून मेण लावतो आणि थांबतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात मूळ वार्निशच्या जाळीलाच किंमत असते. नव्याने पॉलिश केलं की ती उतरते.

जुन्या पितळी आणि ब्राँझच्या पटरचंही, म्हणजे बॉल होलकडे ढकलायच्या स्टिकेचंही, तसंच. पिंगचा अँसर पटर कार्स्टन सोल्हाइम या इंजिनियरने १९६६ मध्ये काढला. त्याच्या जुन्या नगांतलं ब्राँझ वर्षानुवर्षं हाताळून गडद तपकिरी झालेलं असतं. घरची मंडळी दिवाळीला समई-निरांजनाबरोबर त्यालाही ब्रासो लावून मोकळी होतात. मग ऐन पटिंगच्या वेळी सकाळचं ऊन त्यावरून उसळून डोळ्यात जातं. चकाकी ही प्रत्येक वस्तूची सोय नसते. वेजवरचं फिनिश मॅट ठेवायचं एक कारण हेच. थर न दिलेली उघडी वेज तर कंपनीनेच गंजू देण्यासाठी बनवलेली असतात. अशी गंजलेली वेज 'साफ करून द्या' म्हणून आली की मी तेलाचं फडकं फिरवून परत देतो आणि पैसे घेत नाही.

११. ओरखड्याचा आळ कॅडीवर येतो

मैदानावरून स्टिका येतात तेव्हा कधी कधी मागे भांडणही येतं. 'पोराने आपटली.' मी रेघांकडे बघतो. दगडाने पडलेली रेघ तळावर किंवा पुढच्या धारेवर असते, तिला दिशा असते, फटक्याची. आयर्नच्या पाठीवर, मानेवर आणि वरच्या काठावर इकडेतिकडे विखुरलेले अर्धचंद्राकार खड्डे पिशवीतले असतात. नियमाने पिशवीत १४ पर्यंत स्टिका ठेवता येतात. त्यातली आयर्न एकाच कप्प्यात कोंबायची, पिशवी कार्टच्या मागे बांधायची, डोंगरावरच्या चढउताराच्या रस्त्याने चार तास हिंडायचं, आणि मग तीच पिशवी गाडीच्या डिकीत टाकून पौड रोडने घरी. फोर्ज केलेलं मऊ पोलाद एकमेकांवर आपटून दुसरं काय होणार? हे खड्डे कुणा एका माणसाने पाडलेले नसतात. हे मी लेखी सांगायला तयार असतो, आणि एकदा सांगितलंही.

उलट चांगला कॅडी ओरखडे वाचवतो. टॉवेलचं एक टोक ओलं, एक कोरडं. प्रत्येक फटक्यानंतर आधी ओलं, मग कोरडं, मग पिशवी. मातीचा कण हेडवर राहून दुसऱ्या हेडला घासला की तो वॉटर पेपरचंच काम करतो. लांब स्टिका आणि आखूड स्टिका वेगळ्या कप्प्यांत, म्हणजे आयर्नची डोकी ग्रॅफाइटच्या अंगावर आपटत नाहीत.

या पोरांच्या स्वतःच्या स्टिका बघण्यासारख्या असतात. कुणीतरी टाकून दिलेलं सात नंबरचं आयर्न, तिसऱ्या सेटमधला पटर, ग्रिपला सायकलची टेप. एकाही जागी क्रोम धड नाही. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून राबलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला, ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ मध्ये पुन्हा जिंकला. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला, त्याचं नाव आमच्याकडच्या पोरांच्या तोंडी आहे. त्यांच्या स्टिका मी फुकट करतो, पण ती पोरं चकाकी मागत नाहीत. ग्रिप घट्ट आहे का, हेड हलतंय का, एवढंच विचारतात.

१२. पावसाळ्यात रंगाचं काम नाही

ताम्हिणीकडून पाऊस आत शिरला की मुळशीत जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात. अशा हवेत लॅकर मारला तर त्यातला थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर दुधी पडदा येतो. रंगारी त्याला ब्लश म्हणतात. काळ्या ड्रायव्हरवर तो बुरशीसारखा दिसतो. हेअर ड्रायर, बल्ब, सगळं करून बघणारे येतात. त्यांचा ब्लश आधी काढायचा, मग मूळ काम. दुप्पट मेहनत आणि दुप्पट पैसे.

या महिन्यांत नव्या ओरखड्यापेक्षा जुन्या ओरखड्यातल्या गंजाची काळजी घ्यावी. मैदानावरून आल्यावर हेडकव्हर काढा. ओलं कव्हर घातलेली स्टिक उघड्या स्टिकेपेक्षा लवकर गंजते, आणि कव्हरच्या आतल्या लोकरीला चिकटलेली माती टाळूवर घासत राहते. पिशवी डिकीत ठेवू नका. स्टिका बाहेर काढून, पुसून, पंख्याखाली उभ्या करा. उघड्या पोलादाला मशीनच्या तेलाचा हलका हात द्या. खोबरेल नको, त्यावर धूळ बसून चिकट मळ होतो. ग्रिप कोमट पाण्याने धुऊन वाळवा. घाम आणि ओल यांनी रबर चिकट होतं.

धातूचं काम मी बारा महिने घेतो. स्टेनलेसचा बर उतरवणं, गंज थांबवणं, ग्रिप, फेरूल, सगळं होईल. ड्रायव्हरची टाळू आणि लाकडाचं पॉलिश मात्र दसऱ्यानंतर आणा, आणि आणताना धुऊन आणा.